समोरून एक, बाजूने एक

पोलिसी दप्तरातला फोटो म्हटला की दोन चौकटी डोळ्यांपुढे येतात, एक समोरून, एक बाजूने. ही पद्धत पक्की केली पॅरिस पोलिसांच्या एका कारकुनाने. अल्फोन्स बर्तियों त्याचे नाव. १८७९ साली तो नोकरीला चिकटला. गुन्हेगारांचे फोटो तिथे आधीच ढिगाने पडले होते, पण चोराने नाव खोटे सांगितले की सगळा ढीग फुकट!

उभा जन्म लेजरांत घालवलेल्या माझ्यासारख्याला बर्तियोंचा तोडगा मनापासून आवडतो. डोक्याची लांबी-रुंदी, डावे पाऊल, मधले बोट अशी ११ मापे घ्यायची आणि त्या मापांच्या क्रमाने कार्डे खणांत लावायची. फोटोसाठी खुर्ची ठरलेली, अंतर ठरलेले. १८८३ मध्ये खोट्या नावाचा पहिला सराईत या कार्डांनी पकडून दिला.

इथवर ठीक होते. कार्ड निघायचे ते पकडल्या गेलेल्याचे. पण १६ जुलै १९१२ च्या फ्रेंच कायद्याने भटक्यांच्या हाती मापांची वही दिली. तेराव्या वर्षापासून ती सक्तीची. आत दोन्ही फोटो, मापे, बोटांचे ठसे. गावात शिरताना शिक्का, निघताना शिक्का. कायद्यात जिप्सी हा शब्द कुठे नव्हता. रोख मात्र त्यांच्यावरच होता. गुन्हा काय, तर कायमचे घर नाही!

बँकेत अंगठा उठवणाऱ्या खातेदाराचा फोटो आम्हीही लावायचो. त्याचे पैसे भलत्याने नेऊ नयेत म्हणून. या वहीत त्या बापड्या भटक्याच्या सोयीचे एक पानही नव्हते.

एप्रिल १९४० मध्ये युद्धाचे कारण दाखवून भटक्यांचे फिरणे बंद झाले, मग छावण्या आल्या. भटके कोण, हे नव्याने शोधावे लागले नाही; वह्या होत्याच. शेवटची माणसे सुटली १९४६ मध्ये, पॅरिस स्वतंत्र होऊन जवळजवळ दोन वर्षे होत आल्यावर.

आपल्याकडेही १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरून गुन्हेगार ठरवले, हजेऱ्या लावल्या. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये अशी कुटुंबे तारेच्या कुंपणाआड राहिली. तो कायदा १९५२ मध्ये गेला. फ्रान्सची वही त्यानंतरही १७ वर्षे टिकली. १९६९ मध्ये ती रद्द झाली खरी, पण तिच्या जागी फिरस्त्यांसाठी वेगळे परवाने आले. त्यांतले शेवटचे बंद झाले २०१७ मध्ये.