थेंबमोजणीने धान्याची पारख

वाड्याच्या झिनी कोलमाचे नाव ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील ग्राहकांस नवे नाही. वाडा तालुका २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होता. या तांदुळास २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु नाव मोठे झाले म्हणजे भेसळीचा मोहही वाढतो. डोळ्यांस न दिसणारी भेसळ मोजण्याची एक नवी रीत आहे, ती शेतकरी बंधूंनी समजून घेण्याजोगी आहे.

प्रत्येक दाण्यात वाणाचे आनुवंशिक द्रव्य, म्हणजे डीएनए, असते. ते द्रावणात उतरवून त्यातील ठराविक खुणेच्या असंख्य प्रती काढतात. या पीसीआर प्रक्रियेची कल्पना कॅरी म्युलिस यांस १९८३ साली सुचली. प्रती वाढल्या की द्रावण चमकते. ही चमक कितव्या फेरीस दिसते, ते ज्ञात नमुन्याशी ताडून प्रमाण ठरवितात. महसूल खात्यात कारकुनी केलेल्या मला ही नजर पैसेवारीच वाटते. नव्या रीतीत प्रत्यक्ष मोजणी होते. मिलिलीटरच्या पन्नासाव्या हिश्शाएवढ्या द्रावणाचे सुमारे २०,००० थेंब करितात व प्रत्येक थेंबात खूण ‘आहे’ की ‘नाही’ एवढेच पाहतात.

इतके बारीक थेंब कसे पाडावयाचे? कौलावरील पागोळी पाहा. पाण्याचा ताण थेंबास धरून ठेवितो. वजन वाढले की तो सुटतो, म्हणून तो मोठा असतो. सूक्ष्म नळीच्या टोकास विजेचा दाब दिला, तर वीज पाण्यास ओढते, टोकाशी शंकू होतो व थेंब लहान असतानाच तुटून तेलात पडतो. तेलातील मिश्रणरोधक द्रव्यामुळे थेंब परस्परांत मिसळत नाहीत. विजेचा दाब कमीजास्त करून त्यांचे आकारमान आवरता येते.

एखाद्या थेंबात दोन खुणाही सापडतात. म्हणून रिकाम्या थेंबांवरून हिशेब करितात. २०,००० पैकी निम्मे रिकामे निघाल्यास खुणा १०,००० नव्हे, सुमारे १३,९०० धराव्या. परक्या वाणाची खूण व सर्व तांदुळांत असणारी खूण, या दोहोंच्या गुणोत्तरावरून भेसळीचे प्रमाण निघते.

मात्र परक्या वाणाची खूण आधी ठाऊक पाहिजे. आणि पोत्याच्या तोंडची मूठभर घेतली, तर उत्तम यंत्रही चुकीचेच उत्तर देईल. नमुना पोत्याच्या वरच्या, मधल्या व तळच्या भागांतून घ्यावा. बियाणे घेताना पावती, पिशवीवरील चिठ्ठी व थोडे बियाणे हंगामअखेर जपून ठेवावे. पुरावाच हाती नसेल, तर यंत्र तरी काय मोजणार?