स्वतंत्र हिप-हॉप अल्बमची निर्मिती आणि स्वीकार : 'द हाइस्ट' (२०१२)

प्रस्तावना

एखादा अल्बम 'इंडिपेंडंट' म्हणजे स्वतंत्र आहे असे आपण सहज म्हणून जातो. कलाकार नवखा, पैसे कमी, गाणी घरच्याच खोलीत रेकॉर्ड केलेली, असे काहीसे चित्र त्या वेळी डोळ्यांसमोर असते. पण संगीत व्यवसायात या शब्दाला नेमका अर्थ आहे. तो समजून घेण्यासाठी या पाठात आपण एकच उदाहरण पाहू. अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहरातला रॅपर मॅकलमोर (बेन हॅगर्टी) आणि निर्माता रायन लुईस यांचा 'द हाइस्ट' हा अल्बम ९ ऑक्टोबर २०१२ रोजी प्रकाशित झाला. त्याला मोठे यश मिळाले आणि त्या यशावर मोठा वादही झाला.

१. 'स्वतंत्र' म्हणजे काय?

रेकॉर्ड कंपनीशी करार करणाऱ्या कलाकाराला साधारणपणे आगाऊ रक्कम मिळते. तिच्यातून ध्वनिमुद्रण होते. बदल्यात मूळ ध्वनिमुद्रणाची मालकी, म्हणजेच 'मास्टर' हक्क, बहुधा कंपनीकडे जाते. विक्रीतला ठरावीक वाटा रॉयल्टी म्हणून कलाकाराच्या नावे जमा होतो. मात्र आगाऊ दिलेली रक्कम त्या वाट्यातून वळती होईपर्यंत त्याच्या हातात काही पडत नाही. स्वतंत्र कलाकार खर्च स्वतः करतो, मालकी स्वतःकडे ठेवतो आणि अल्बम दुकानांपर्यंत व ऑनलाइन सेवांपर्यंत पोहोचवण्यासाठी वितरकाला काही टक्के देतो.

हा फरक एका काल्पनिक हिशेबाने समजून घेऊ. समजा, निर्मितीचा खर्च १० लाख रुपये आहे. कंपनीच्या करारात कलाकाराचा वाटा २० टक्के आहे आणि स्वतंत्र मार्गात वितरकाचा वाटा २० टक्के आहे.

• अल्बमने ५० लाख कमावले तर : करारबद्ध कलाकाराच्या नावे १० लाख जमा होतात आणि ते आगाऊ रकमेपोटी वळते होतात. नवे उत्पन्न शून्य. स्वतंत्र कलाकाराला ४० लाख मिळतात आणि खर्च वजा जाता ३० लाख उरतात.

• अल्बमने २ लाखच कमावले तर : करारबद्ध कलाकाराला सहसा आगाऊ रक्कम परत करावी लागत नाही. तोटा कंपनीचा. स्वतंत्र कलाकाराला १ लाख ६० हजार मिळतात आणि ८ लाख ४० हजारांचा खड्डा त्याच्याच खिशाला पडतो.

म्हणजेच स्वातंत्र्याबरोबर जोखीमही येते. मालकी ज्याची, जोखीमही त्याचीच.

२. निर्मिती

'द हाइस्ट' एका झटक्यात तयार झाला नाही. २००९ मध्ये या दोघांनी 'द व्हर्सेस ईपी' हा छोटा संग्रह काढला होता. पुढची जवळपास तीन वर्षे एकेक गाणे बाहेर येत गेले. २०१० च्या अखेरीस सिअ‍ॅटल मरिनर्स या बेसबॉल संघाचे लाडके समालोचक डेव्ह नीहाउस वारले. त्यांच्या स्मरणार्थ या जोडीने 'माय ओ माय' हे गाणे केले आणि २०११ मध्ये मरिनर्सच्या मैदानावर ते सादरही झाले. देशाच्या बाजारात उतरण्याआधी त्यांनी आपल्या गावात श्रोते जोडले होते, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

कामाची वाटणीही लक्षात घ्यावी. शब्द मॅकलमोरचे, संगीतरचना आणि ध्वनिनिर्मिती लुईसची. छायाचित्रण, मांडणी आणि व्हिडिओ दिग्दर्शनातही लुईसचा मोठा हात होता. जी कामे कंपनीचे वेगवेगळे विभाग करतात, ती इथे दोघांनी आणि त्यांच्या छोट्या गटाने सांभाळली. पाहुणे गायक वान्झ, मेरी लॅम्बर्ट आणि रे डाल्टन हेही त्याच परिसरातले होते.

अल्बमचा विषयही काही प्रमाणात हाच आहे. 'जिमी आयोविन' या गाण्याला इंटरस्कोप या बड्या कंपनीच्या सहसंस्थापकाचे नाव दिले आहे. कराराचे आकर्षण आणि त्याला दिलेला नकार अशी त्यातली गोष्ट आहे.

३. बाजारातील स्वीकार

पहिल्या आठवड्यात अल्बमच्या सुमारे ७८,००० प्रती विकल्या गेल्या आणि तो बिलबोर्ड २०० या यादीत दुसऱ्या क्रमांकावर आला. मग जुन्या कपड्यांच्या दुकानातल्या स्वस्त खरेदीचे विनोदी गुणगान करणारे 'थ्रिफ्ट शॉप' हे गाणे यूट्यूबवर पसरले आणि २०१३ च्या सुरुवातीला हॉट १०० यादीत पहिले आले. मोठ्या कंपनीच्या कराराशिवाय अव्वल ठरलेले, १९९४ मधील लिसा लोब यांच्या 'स्टे' नंतरचे पहिले गाणे, असे त्याचे कौतुक झाले.

पण इथे थोडे थांबून पाहू. अल्बमचे वितरण अल्टरनेटिव्ह डिस्ट्रिब्युशन अलायन्स या संस्थेकडे होते आणि ही संस्था वॉर्नर म्युझिक या बलाढ्य समूहाची आहे. गाणे देशभरच्या रेडिओ केंद्रांपर्यंत नेण्यासाठीही या जोडीने वॉर्नरच्या यंत्रणेची मदत मोबदला देऊन घेतली. मग त्यांना स्वतंत्र म्हणायचे का? वरच्या व्याख्येनुसार हो. त्यांनी सेवा विकत घेतली, मालकी विकली नाही. मात्र 'कोणाच्याही मदतीशिवाय' ही दंतकथा इथे टिकत नाही.

४. पुरस्कार आणि वाद

२६ जानेवारी २०१४ च्या ग्रॅमी सोहळ्यात या जोडीला चार पुरस्कार मिळाले. त्यांत सर्वोत्कृष्ट रॅप अल्बमचा पुरस्कारही होता. त्याच गटात कॉम्प्टनच्या केंड्रिक लमारचा 'गुड किड, मॅड सिटी' होता. हा अल्बमही ऑक्टोबर २०१२ चाच. केंड्रिकला सात नामांकने होती. त्या रात्री त्याला एकही पुरस्कार मिळाला नाही. हा पुरस्कार केंड्रिकचा होता, असा संदेश मॅकलमोरने स्वतः त्याला पाठवला. पुढे त्याने तो इन्स्टाग्रामवर जाहीर केला, तेव्हा या जाहीर दिलगिरीवरही टीका झाली.

वादाचे मूळ व्यक्तीत नव्हते. हिप-हॉपचा जन्म १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात कृष्णवर्णीय आणि लॅटिनो तरुणांमध्ये झाला. टीकाकारांचे म्हणणे असे की, पॉप रेडिओ, पालक आणि पुरस्कार समित्या गोऱ्या रॅपरसाठी दार चटकन उघडतात. समलिंगी विवाहाला पाठिंबा देणाऱ्या 'सेम लव्ह' या गाण्याबाबतही दोन बाजू दिसतात. २०१२ मध्ये वॉशिंग्टन राज्यात या प्रश्नावर सार्वमत होते आणि त्या प्रचारकाळात हे गाणे अनेकांना आधाराचे वाटले. पण हिप-हॉपमधल्या समलिंगी कृष्णवर्णीय कलाकारांचा आवाज इतक्या लांब का पोहोचत नाही, हेही विचारले गेले. मॅकलमोरला हा विषय नवा नव्हता. २००५ च्या आपल्या अल्बममध्ये त्याने 'व्हाइट प्रिव्हिलेज' हे गाणे केले होते. २०१६ मध्ये त्याचा दुसरा भाग आला.

आता दोन्ही अल्बम शेजारी ठेवा. केंड्रिकमागे इंटरस्कोपसारखी मोठी कंपनी होती. मॅकलमोर स्वतंत्र होता. केवळ कंपनी पाहिली तर दुबळी बाजू मॅकलमोरची ठरते. समाजाकडे पाहिले तर उत्तर उलटते.

५. सारांश

'स्वतंत्र' हा शब्द मालकी कोणाकडे आणि निर्णय कोणाचा हे सांगतो. कलाकार एकटा होता किंवा मोठ्या संस्थांपासून दूर होता, असे त्यातून सिद्ध होत नाही. तसेच करारातून मिळालेले स्वातंत्र्य कलाकाराला समाजातल्या उतरंडीतून बाहेर काढत नाही. म्हणून अल्बमचा अभ्यास करताना मालकी, वितरण आणि श्रोत्यांपर्यंतची वाट हे तीन प्रश्न वेगवेगळे विचारावेत.

विचारासाठी प्रश्न

१. वरच्या काल्पनिक हिशेबात किती उत्पन्नाला स्वतंत्र कलाकाराचा खर्च जेमतेम भरून निघेल?

२. वितरक मोठ्या समूहाचा असल्यास अल्बमला स्वतंत्र म्हणावे का? दोन्ही बाजू मांडा.

३. आपल्या भाषेतील एक रॅप अल्बम निवडा. ध्वनिमुद्रणाचे हक्क कोणाच्या नावावर आहेत हे त्याच्या माहितीत शोधा आणि 'द हाइस्ट'शी तुलना करा.