पिस्तुलावरचा दिवा आणि लेझर : दुकानदाराने काय पारखून घ्यावे

दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन शहरात आपल्या रत्नागिरी-रायगडच्या गावांतून गेलेली कोकणी मुसलमान घराणी शंभराहून अधिक वर्षांपासून दुकानदारी करीत आहेत. वर्णभेदाच्या राजवटीत १९५० च्या ग्रुप एरियाज कायद्याने यांपैकी पुष्कळांना जुन्या वस्त्यांतून उठवले आणि रायलंड्ससारख्या ठरवून दिलेल्या भागांत नेऊन बसवले, तरी त्यांचा गल्ला काही सुटला नाही. आज त्या शहरात दुकान चालवायचे म्हणजे लुटारूंची धास्ती रोजचीच. त्यामुळे तिथल्या कित्येक दुकानदारांकडे परवान्याचे पिस्तूल असते.

कापडाच्या निमित्ताने आमचा या मंडळींशी जुना संबंध आहे. त्यांच्या बोलण्यात अलीकडे एक सवाल वारंवार येतो : पिस्तुलाच्या नळीखाली बसवायचा दिवा घ्यावा, लेझर घ्यावे, की दोन्ही एकत्र असलेली वस्तू घ्यावी? आम्ही शस्त्रांचे जाणकार असल्याचा दावा करीत नाही. पण माल पारखणे हा आमचा धंदा आहे, आणि या मालाची बरीच चौकशी करून आमचे एक मत बनले आहे. ते असे की दिव्याला थोडाफार अर्थ आहे, लेझरला त्याहून कमी, आणि हातातल्या साध्या बॅटरीला दोन्हींपेक्षा जास्त.

प्रथम तिथल्या कायद्याची गोष्ट, कारण खरेदीवर त्याचा थेट परिणाम होतो. दक्षिण आफ्रिकेचा बंदूक कायदा २००० सालचा. तो २००४ पासून अमलात आला. त्याच्या तेराव्या कलमाखाली स्वसंरक्षणासाठी एका माणसाला एकच शस्त्र मिळते आणि तो परवाना पाच वर्षांचा असतो. त्याआधी प्रशिक्षण घेऊन पोलिसांकडून योग्यतेचा दाखला मिळवावा लागतो. सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल न्यायचे तर ते म्यानात, अंगावर, पूर्ण झाकलेले आणि आपल्या ताब्यात असले पाहिजे. म्हणजे नळीखाली मोठा दिवा लटकवला की पहिली पंचाईत हीच, की आता हे शर्टाखाली झाकायचे कसे?

दिव्याची गरज का वाटू लागली, हेही समजण्यासारखे आहे. २००७-०८ पासून त्या देशात वीज पाळीपाळीने तोडण्याचा प्रकार सुरू झाला, ज्याला तिकडे लोडशेडिंगच म्हणतात. २०२३ हे साल त्यात सर्वांत वाईट गेले. भर धंद्याच्या वेळी दुकानात काळोख, कॅमेरे बंद, शटर अर्धे ओढलेले. अशा वेळी दारात उभा राहिलेला माणूस गिऱ्हाईक आहे की आणखी कोणी, हे कळायचे कसे?

दिव्याचे खरे काम इथेच आहे. तो गोळी नीट लागावी म्हणून नसतो. समोर कोण आहे आणि त्याच्या हातात काय आहे, हे दिसावे म्हणून असतो. पुष्कळ दुकानदार दुकानाच्या मागे किंवा वरच्या मजल्यावर राहतात. रात्री खडखड झाली तर तो चोर असेल, तसाच उशिरा परतलेला मुलगा असेल, किंवा फजरच्या वुजूसाठी काळोखात उठलेले वडील असतील. अंधारात अंदाजाने झाडलेली गोळी पुन्हा नळीत घालता येत नाही.

पण याच ठिकाणी पिस्तुलावरच्या दिव्याचा मोठा ऐब आहे आणि विक्रेते तो सांगत नाहीत. दिवा नळीखाली पक्का बसवलेला असतो. म्हणजे जिकडे उजेड, तिकडे नळी. आवाज कशाचा आला म्हणून तुम्ही त्या दिव्याने जिना, मोरी, माळा पाहू लागलात, तर घरातल्या प्रत्येक माणसावर भरलेले पिस्तूल रोखून फिरत आहात. म्हणून शोधण्यासाठी हातातली बॅटरी वेगळी पाहिजेच पाहिजे. पिस्तुलावरचा दिवा लागतो तो त्यानंतर, जेव्हा धोका समोर आहे हे ठरले आहे आणि दोन्ही हात पिस्तुलावर हवे आहेत. एका हातात बॅटरी धरून दुसऱ्या हाताने नेम धरणे कठीण असते, एवढीच या वस्तूची खरी बाजू. ज्याच्याकडे चांगली बॅटरी नाही, त्याने पिस्तुलाचा दिवा विकत घेऊच नये, असे आमचे स्पष्ट म्हणणे आहे.

आता मालाकडे वळू. डब्यावर मोठ्या अक्षरात ल्यूमेनचा आकडा छापलेला असतो आणि गिऱ्हाईक तोच पाहून भुलते. कापडवाल्याच्या भाषेत सांगायचे तर ल्यूमेन म्हणजे ताक्यात एकूण कापड किती. ते कापड पसरून टाकले आहे की घडी करून एका जागी ठेवले आहे, हे कॅन्डेला नावाचा दुसरा आकडा सांगतो. ल्यूमेन जास्त आणि कॅन्डेला कमी असेल तर उजेड जवळ भरपूर पसरतो, लांब पोचत नाही. कॅन्डेला जास्त असेल तर झोत लांब जातो, बाजूचे कमी दिसते. दोन्ही आकडे पाहिल्याशिवाय भाव विचारू नये.

अमेरिकेच्या स्ट्रीमलाइट कंपनीचा टीएलआर-१ एचएल आणि शुअरफायरचा एक्स-३०० अल्ट्रा हे या बाजारातले नावाजलेले मोठे दिवे. दोन्ही हजार ल्यूमेनच्या घरातले, दोन्हींत सीआर-१२३ए जातीचे दोन सेल. वजन साधारण १२० ग्रॅम. स्ट्रीमलाइटचाच टीएलआर-७ हा लहान, ५०० ल्यूमेनचा, एका सेलवर चालणारा, वजन सुमारे ७० ग्रॅम. पुष्कळ जण म्हणतात, उजेड जितका जास्त तितका बरा. उघड्या आवारासाठी किंवा गोदामासाठी ते ठीक आहे. पण दहा-बारा फुटांच्या दुकानात, पांढऱ्या भिंती आणि काचेचे काउंटर असताना हजार ल्यूमेनचा झोत उलटून आपल्याच डोळ्यांत येतो. दुकानापुरता पाचशेचा दिवा पुष्कळ झाला, आणि कायद्याने झाकून न्यायचे असल्याने लहानच सोयीचा.

बटण कुठे आहे आणि कोणत्या बोटाने दाबायचे, याकडे उजेडापेक्षा जास्त लक्ष द्यावे. चांगल्या दिव्याचे बटण घोड्याच्या कडीपुढे असते आणि ते दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने दाबायचे असते. घोडा ओढणारे बोट दिव्याच्या कामाला कधीच लावू नये. २०१० साली टेक्सासमधल्या प्लॅनो शहरात एका पोलिसाच्या पिस्तुलातून गोळी सुटून समोरचा माणूस मेला; आपण दिवा लावायला गेलो होतो, असे त्या पोलिसाचे सांगणे होते. प्रशिक्षण घेतलेल्या पोलिसाच्या हातून हे घडते, तर वर्षातून दोनदा सराव करणाऱ्या दुकानदाराने किती खबरदारी घ्यावी?

म्यानाचा खर्च लोक हिशेबात धरीत नाहीत. दिवा बसवला की जुने म्यान निकामी. त्या पिस्तुलासाठी आणि त्याच दिव्यासाठी बनवलेले म्यान घ्यावे लागते. दिवा जितका रुंद, तितकी म्यानाच्या तोंडाशी घोड्याजवळ पोकळी जास्त राहते, आणि त्या पोकळीत शर्टाचे टोक किंवा जाकिटाची दोरी शिरली तर काय होईल हे सांगायला नको. म्यान हातात घेऊन ही पोकळी डोळ्यांनी पाहावी.

दिवा बसवताना पिस्तूल रिकामे, मॅगझिन बाहेर, नळी दोनदा तपासलेली, हे तर आलेच. बसवल्यावर मैदानावर नेऊन गोळ्या झाडून पाहणेही जरुरीचे आहे. अमेरिकेत काही पोलीस खात्यांत .४० कॅलिबरच्या पिस्तुलांवर दिवे लावल्यावर गोळी अडकण्याच्या तक्रारी आल्या होत्या. दिव्याविना चाललेले पिस्तूल दिव्यासह चालेलच, असे गृहीत धरू नये.

सेलबद्दल थोडे. सीआर-१२३ए हे लिथियमचे तीन व्होल्टचे सेल, कोरडे ठेवले तर कपाटात सुमारे दहा वर्षे टिकतात. दोन सेलच्या दिव्यात एक जुना आणि एक नवा कधी घालू नये, दोन कंपन्यांचेही घालू नयेत. असे सेल तापून फुटतात. चार्ज होणारे सेल त्याच मापाचे मिळतात, पण त्यांचा दाब जास्त असतो. बनवणाऱ्याने परवानगी लिहून दिली नसेल तर पैसे वाचवण्याच्या लोभाने ते वापरू नयेत.

नकली मालाचे तर विचारूच नका. नावाजलेल्या दिव्यांच्या हुबेहूब नकला खेळण्यातल्या बंदुकांसाठी बनतात आणि बाजारात असली म्हणून खपवल्या जातात. दिसायला फरक नाही, पण खऱ्या पिस्तुलाच्या दहा-वीस धक्क्यांत आतले जोड सुटतात. निम्म्या भावात असली रेशीम मिळत नाही हे ज्याला ठाऊक आहे, त्याला हेही समजावे.

आता लेझर. भिंतीवर लाल ठिपका पडला की दुकानातल्या पोरांना मोठी गंमत वाटते आणि माल विकला जातो. लाल लेझर उन्हात जवळजवळ दिसत नाही. हिरवा जास्त दिसतो, कारण माणसाचा डोळा हिरव्या रंगाला सर्वांत तेज. पण त्याची किंमत जास्त आणि सेलही लवकर संपतो. एकत्र माल हवा असेल तर स्ट्रीमलाइटच्या टीएलआर-२ मालिकेत दिव्याबरोबर लाल किंवा हिरवे लेझर मिळते. मुठीवर बसणारी लेझर क्रिमसन ट्रेस ही अमेरिकन कंपनी बनवते. मूठ आवळली की लागतात, त्यामुळे ज्या रिव्हॉल्व्हरला दिव्याची पट्टी नाही, त्यालाही चालतात.

लेझर नळीच्या सरळ रेषेत नसते, खाली किंवा बाजूला असते. समजा ते नळीखाली चार सेंटिमीटरवर आहे आणि दहा मीटरवर जुळवले आहे. तर पाच मीटरवर गोळी ठिपक्याच्या दोन सेंटिमीटर वर लागेल. दुकानातल्या अंतरात हा फरक चालून जाईल, पण धक्क्यांनी स्क्रू ढिला झाला तर ठिपका भलतीकडेच पडतो आणि पाहणारा त्यावर आंधळा विश्वास ठेवून बसतो. ज्यांनी सराव केला आहे ते सांगतात की नवखा माणूस ठिपका शोधत राहतो, समोरच्या माणसाकडे पाहतच नाही. शिवाय ठिपका कोण आहे हे सांगत नाही, फक्त कुठे लागेल हे सांगतो. पाच मिलिवॅटपर्यंतचे हे किरण डोळ्याला इजा करू शकतात, आणि दुकानात आरसे नि काचा भरपूर. ज्याचा हात किंवा नजर अधू आहे, नेहमीचा नेम धरता येत नाही, त्याला लेझरचा उपयोग आहे. इतरांनी तो पैसा सरावाच्या गोळ्यांवर घालावा.

इकडच्या आमच्या बांधवांपैकी ज्यांच्याकडे परवाना आहे, त्यांच्या हाती बहुधा कानपूरच्या सरकारी कारखान्याचे .३२ रिव्हॉल्व्हर असते. त्याच्या नळीखाली दिवा बसवायला पट्टीच नाही, तेव्हा घासून, वेल्डिंग करून काही बसवण्याचा उद्योग कोणा कारागिराकडून करवून घेऊ नये. परवान्याच्या शस्त्रात असा फेरफार म्हणजे नसती आफत. पेढीवर दोन चांगल्या बॅटऱ्या ठेवाव्यात, एक गल्ल्याजवळ आणि एक जिन्याशी. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला भाड्याची पावती फाडताना दोन्ही लावून पाहाव्यात.