शॉवरवरचा पांढरा थर

वालूर हे बारवांचे गाव. पण ज्यांच्या न्हाणीत बोअरचे जड पाणी येते, त्यांच्या शॉवरची भोकं क्षाराने बुजतात अन् आपण खिळ्याने टोकरत बसतो. हा थर बहुतेक चुनखडीचाच, आंबटाने विरघळतो. सिरका (आपल्या उसाच्या रसाचाही होतो!) व कोमट पाणी निम्मेनिम्मे पिशवीत भरून शॉवरच्या तोंडाला तासभर बांधा, मग जुन्या ब्रशने घासून पाणी सोडा. शहाबादी फरशीवर सांडू देऊ नका. तीही चुनखडीचाच दगड, खरबरीत होते. आणि ब्लिचिंग पावडर यात कदापि मिसळू नये, हे आम्ही निक्षून सांगतो. विषारी क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीत जिवावर बेतते.