सुपरचार्जर किट : बयाणा देण्यापूर्वी हिशोब करा

आम्ही कापडाचे व्यापारी, गाड्यांचे मिस्त्री नव्हे. पण शिरूर आणि दौंड या दोन्ही बाजारपेठांत आमची सतत ये-जा असते. घरच्या मुलांनी जुन्या पेट्रोल गाडीला सुपरचार्जर बसवण्याचा हट्ट धरला, तेव्हा न पारखता पैसे मोजणे आम्हास पटेना. चौकशीत जे समजले ते वाचकांपुढे ठेवतो.

सुपरचार्जर म्हणजे हवेचा पंप. इंजिनच्याच पुलीवरून पट्ट्याने तो फिरतो आणि सिलिंडरमध्ये जादा हवा कोंबतो. हवा वाढली की पेट्रोल जादा जाळता येते, ताकद वाढते. टर्बो हेच काम बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर करतो. हवेचा नेहमीचा दाब चौरस इंचाला १४.७ पौंड, किटने त्यात ६ पौंडांची भर घातली तर कागदावर ४० टक्के वाढ दिसते. हातात पडते त्याहून कमी, कारण दाबलेली हवा तापते आणि पंप फिरवण्यातही इंजिनची ताकद जाते.

रूट्स व ट्विन-स्क्रू जातीचे पंप इंजिन हळू फिरत असतानाच दाब देतात. सेंट्रिफ्युगल पंप इंजिन जोरात फिरू लागल्यावर. न्हावरा-चौफुला रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीमागून गाडी काढणाऱ्यास पहिली जात उपयोगाची. दाब मात्र कमीच ठेवावा. मूळ इंजिनचे कॉम्प्रेशन जास्त असेल तर नॉकिंग होऊन पिस्टन फुटतो. इंटरकूलर, मोठे इंजेक्टर आणि ईसीयूचे नवे ट्यूनिंग यांशिवाय मिळणारे स्वस्त किट म्हणजे अस्तराविना शेरवानी!

उदाहरण आपल्या शिरूर तालुक्यातलेच आहे. रांजणगावच्या फियाट कारखान्यातून १.४ लिटरची साधी पुंटो सुमारे ९० अश्वशक्तीची निघे. २०१५ साली तिथूनच टर्बो बसवलेली अबार्थ पुंटो निघाली, १४५ अश्वशक्तीची. पण कंपनीने नुसता टर्बो जोडला नाही; इंजिन त्यासाठीच बनवलेले होते आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक दिले होते. किटवाले ब्रेकचे नावही काढत नाहीत.

आता कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलास प्रत्येकी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. सीएनजीच्या मान्यताप्राप्त किटची आरसी बुकात नोंद होते. तशी नोंद नसेल तर अपघातानंतर विमा कंपनीशी वाद ठरलेलाच.

पुण्याच्या एका विक्रेत्याकडे आम्ही मान्यतेचा कागद मागितला. त्याने पाच टक्के सूट देऊ केली. आम्ही बयाणा न देताच परतलो. मुले अजून रुसलेली आहेत.