‘कोऱ्हाळे’ शोधलं तर सापडत का नाही? अर्ध्या ‘ऱ’ची डिजिटल भानगड

आपल्या नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात, राहाता तालुक्यात कोऱ्हाळे नावाचं गाव आहे. समजा, एखाद्या ऑनलाइन यादीत तुम्ही हे नाव टाइप करून शोधलं आणि ‘काहीही सापडलं नाही’ असं आलं. लगेच हिरमुसू नका. नाव यादीत असूनही कॉम्प्युटरला ते वेगळं वाटत असू शकतं. असं का होतं, ते आज सोप्या भाषेत बघूया.

हा ‘ऱ’ एवढा महत्त्वाचा का?

पापणीसारखा आडवा दिसणारा हा अर्धा र बदलला की अर्थच बदलतो. अकोले तालुक्यात दऱ्या भरपूर आहेत, पण दर्या म्हणजे समुद्र काही नाही! लग्नातल्या स्वयंपाकाचे पैसे आपण आचाऱ्यांना देतो, आचार्यांना नाही. गोऱ्हे, बऱ्हाटे, कुऱ्हाडे अशी आडनावंही याच अक्षरावर उभी आहेत.

फोनच्या आत काय घडतं?

फोनला अक्षरं कळत नाहीत, आकडे कळतात. युनिकोड या जागतिक पद्धतीत प्रत्येक अक्षराला एक क्रमांक आहे. साध्या ‘र’चा ०९३०, तर ‘ऱ’चा ०९३१. आता ‘ऱ्ह’ लिहायचे दोन मार्ग आहेत:

१. ऱ + हलन्त + ह
२. र + हलन्त + झिरो विड्थ जॉइनर + ह

हा जॉइनर म्हणजे डोळ्यांना न दिसणारं चिन्ह. ‘इथे रफार करू नको, अर्धं अक्षर दाखव’ एवढंच तो सांगतो. स्क्रीनवर दोन्ही अगदी सारखेच दिसतात. पण पहिल्यात ३ क्रमांक आहेत, म्हणजे यूटीएफ-८ मध्ये ९ बाइट. दुसऱ्यात ४ क्रमांक, म्हणजे १२ बाइट. मी दोन्ही पद्धतींनी ‘कोऱ्हाळे’ लिहून कॉम्प्युटरला तुलना करायला सांगितली. उत्तर आलं: शब्द वेगळे!

मग दोन पद्धती ठेवल्याच कशाला?

जॉइनरची पद्धत युनिकोडच्या जुन्या २.० आवृत्तीच्या काळातली. तसा मजकूर बिघडू नये म्हणून ती आजही चालते. एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करण्यासाठी युनिकोडमध्ये ‘नॉर्मलायझेशन’ नावाची प्रक्रिया आहे, पण ती या दोन रूपांना एक करत नाही. ते काम ॲप बनवणाऱ्यालाच करावं लागतं.

मल्याळममध्येही असाच गुंता होता. तिथली ‘चिल्लू’ अक्षरं आधी जॉइनर वापरून लिहायचे. २००८ साली ५.१ आवृत्तीत त्यांना स्वतंत्र क्रमांक मिळाले. त्याच आवृत्तीत आपल्या ‘ॲ’लाही ०९७२ हा क्रमांक मिळाला.

खरा धोका कुठे?

काही सॉफ्टवेअर न दिसणारी चिन्हं ‘कचरा’ समजून काढून टाकतात. जॉइनर गेला की ‘कोऱ्हाळे’चं ‘कोर्हाळे’ होतं आणि दऱ्यांचा दर्या होतो. पहिल्या पद्धतीत काढण्यासारखा जॉइनरच नसतो, त्यामुळे ही भीती राहत नाही. फॉर्मवरचं आडनाव आणि दाखल्यावरचं आडनाव जुळलं नाही, तर हेलपाटे तुम्हालाच मारावे लागतात.

तुम्ही काय कराल?

• कीबोर्डवर ‘ऱ’ हे अक्षर असेल तर तेच वापरा: आधी ऱ, मग हलन्त, मग पुढचं अक्षर. कॉम्प्युटरच्या इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून ‘जे’ दाबलं की ‘ऱ’ येतो.
• नाव सापडलं नाही, तर यादीतल्याच एखाद्या ‘ऱ्ह’ असलेल्या शब्दातून तेवढं अक्षर कॉपी करा आणि पुन्हा शोधा. तेही जमलं नाही, तर नावाचा फक्त शेवटचा भाग, उदाहरणार्थ ‘हाळे’, टाकून बघा.
• फॉर्म सबमिट करण्याआधी पूर्वदृश्यात आडनाव नीट वाचा. अर्ध्या ‘ऱ’चा रफार झाला असेल, तर तिथेच दुरुस्त करा.
• ॲप किंवा वेबसाइट बनवत असाल, तर शोध घेण्याआधी दोन्ही रूपं एकाच रूपात बदलून घ्या. कोडच्या दोन-चार ओळींचं काम आहे, पण त्यामुळे कुणाचं तरी गाव आणि आडनाव यादीत सापडेल.