अक्रोडाएवढं इंजिन

तीन किलोचं बाळ. त्याच्या मुठीएवढं, म्हणजे अक्रोडाएवढं हृदय. टूडी एकोच्या पडद्यावर त्यात भोक दिसतं: पाच मिलिमीटर, मुगाच्या दाण्याएवढं! दूध ओढता ओढता बाळ दमतं, कपाळ घामानं डवरतं. डॉक्टर म्हणतात, "काही भोकं आपोआप बुजतात. वजन वाढू द्या, तीन महिन्यांनी बघू."

तीन महिने! आईबाबा दिवस मोजतात. चला, आपण ठोके मोजू.

मिनिटाला १४० धरा. दिवसाचे झाले २,०१,६००. दर ठोक्याला गाडी एक मीटर सरकते समजा: सीएसएमटीहून सुटलेली डेक्कन क्वीन १९२ किलोमीटरवरचं पुणं एका दिवसात गाठते आणि वर हडपसरही मागे टाकते. तीन महिन्यांत मुंबई-पुणे-मुंबई ४७ फेऱ्या, घाटात क्षणभरही न टेकता! ठोक्याला एक रुपया लावा: वर्षाचं बिल सात कोटी छत्तीस लाख.

आता पाणी. बाळाच्या अंगात रक्त पाव लिटर, पेलाभर. तेच फिरून फिरून मिनिटाला ६०० मिली, दिवसाला ८६४ लिटर. वर्षभरात वीस फूट रुंदीची, पस्तीस फूट पाण्याची विहीर अक्रोडानं उपसली! भोक मोठं असेल तर फुप्फुसांकडे दुप्पट रक्त जातं. म्हणजे शेजारची विहीरही फुकट उपसायची. घाम येणार नाही तर काय?

आणि बाळ एकटं नाही. हृदयात जन्मतः दोष असलेली बाळं शंभरात साधारण एक. देशात वर्षाला दोन लाखांहून जास्त. ७२ बर्थचे २४ डबे, अशा ११५ गाड्या भरूनही फलाटावर गर्दी उरते!

भोक बुजलं नाही, तर मग ऑपरेशनच्या संमतीवर सहीचा दिवस. केसासारखा बारीक धागा, आणि तासभर थांबवलेलं हृदय! ८,४०० ठोके गायब. सीएसएमटी ते जवळजवळ दादर, एवढी वाट हृदय-फुप्फुसांचं काम करणाऱ्या यंत्रानं ओढायची.

१९५४ साली मिनियापोलिसमध्ये डॉ. वॉल्टन लिलेहाय यांच्यापाशी भरवशाचं यंत्रच नव्हतं. त्यांनी लेकराच्या नळ्या शेजारच्या टेबलावरच्या बापाला जोडल्या! एक हृदय, दोघांसाठी. लोक म्हणाले, या ऑपरेशनचा मृत्युदर दोनशे टक्के होऊ शकतो. दोनशे! तरी आईबापांनी सह्या केल्या, स्वतः टेबलावर झोपले. अशी ४५ ऑपरेशनं झाली. एका आईच्या मेंदूला इजा झाली, पण रक्त देणाऱ्यांपैकी एकही दगावलं नाही. आणि ४५ पैकी २८ पोरं घरी गेली.